लिबर्टीच्या तीन लांब्या: १:३५० मॉडेल-संचाच्या नोंदी

१ जून २०२५

काम ठरलं. दुसऱ्या महायुद्धातल्या लिबर्टी मालवाहू जहाजाचे तीन हल (जहाजाचं मुख्य धड), एकाच मापात, शेजारी शेजारी.

अ: युद्धानंतर व्यापारात उतरलेलं, तोफा काढलेलं साधं लिबर्टी. लांबी ४४१ फूट ६ इंच.
ब: १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मॅरिटाइम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने नवं इंजिन आणि नवी, लांब नाळ (जहाजाचं पुढचं टोक) बसवलेलं. सुमारे २५ फुटांची वाढ.
क: मध्ये कापून ७० फुटांचा तुकडा घातलेलं. ५११ फूट ६ इंच.

१:३५० ला अ ३८४.५ मिमी, ब ४०६.३ मिमी, क ४४५.४ मिमी. रुंदी तिघांचीही तीच, ५६ फूट १०¾ इंच, म्हणजे ४९.५ मिमी. तळापासून डेकपर्यंतची उंची ३७ फूट ४ इंच, म्हणजे ३२.५ मिमी. पूर्ण भरल्यावरचा बुडावा (पाण्याखाली जाणारी खोली) २७ फूट ९ इंच, मॉडेलवर २४.२ मिमी.

यातलं कुठलंही मॉडेल एखाद्या विशिष्ट जहाजाची प्रतिकृती नाही. संच तुलनेसाठी आहे. म्हणून जहाज कंपन्यांचे रंग, चिमणीवरच्या खुणा, नावं, सगळं वगळलं. जुनं पोलाद राखाडी, नंतर घातलेलं पोलाद शेंदरी. वरची घरं नुसत्या ठोकळ्यांची. मेहनत हल, डेक आणि हॅच (डेकमधली माल चढवायची-उतरवायची तोंडं) यांवर घ्यायची, कारण या जहाजांचं पुढचं सगळं आयुष्य डेकच्या मजबुतीवर ठरलं.

४ जून

फाइल तयार करताना फ्रेमचं (हलाच्या आडव्या फासळ्यांचं) अंतर हेच एकक धरलं. लिबर्टीत फ्रेम दर ३० इंचांवर, म्हणजे मॉडेलवर २.१८ मिमी. ७० फूट म्हणजे बरोबर २८ फ्रेम, ६०.९६ मिमी. नंतरच्या व्हिक्टरी जहाजात हे अंतर ३६ इंच केलं, हल थोडा लवचीक राहावा म्हणून. दोन्ही प्रकारांचे आराखडे एकत्र हाताळणाऱ्यांनी हे आधी तपासावं. फ्रेम नंबरावरून हॅचची जागा मोजताना हमखास घोटाळा होतो.

तुकडे असे पाडले: पिछाडी १९० मिमी (तिघांना सामाईक), पुढचा अर्धा १९४.५ मिमी (अ आणि क), क चा मधला तुकडा ६०.९६ मिमी. ब साठी पुढचा अर्धा मूळ नाळेच्या टोकापासून १०० फूट मागे कापायचा, म्हणजे ८७.१ मिमी, आणि तिथे १०८.९ मिमीचा नवा तुकडा लावायचा.

८ जून

क चा काप कुठे घ्यायचा यावर अख्खा दिवस गेला. दोन्ही बाजू समांतर असलेल्या मधल्या भागातच तो पडला पाहिजे, नाहीतर घातलेल्या तुकड्याची एक कड रुंद आणि एक अरुंद होते. हा भाग इंजिनघराच्या पुढेही आहे, मागेही.

मागे कापलं तर प्रोपेलर फिरवणारा शाफ्ट लांबवावा लागतो. लिबर्टीचं इंजिन मधोमध आणि शाफ्टचा बोगदा चार आणि पाच नंबर होल्डखालून (माल ठेवायच्या कोठारांखालून) मागे जातो. ७० फूट जादा शाफ्ट म्हणजे नवे बेअरिंग, नवा बोगदा, सगळ्याची सरळ रेघ पुन्हा साधायची. सुकाणूकडे जाणारी जोडणीही त्याच वाटेवर. पुढे कापलं तर तुटतात त्या पुढच्या विंचांच्या आणि नांगराच्या विंडलासच्या वाफेच्या नळ्या, परतीची नळी, आगीच्या पाण्याची मेन, पुढच्या होल्डांच्या बिल्ज नळ्या (तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या) आणि वीज. नळ्या जोडणं फिटरचं काम, शाफ्ट जोडणं त्यापेक्षा फार वरचं. काप पुढे घेतला.

वाफेच्या नळीत मात्र ७० फुटांची नुसती सरळ भर चालत नाही. मूळ नळीतली वळणं मूळ लांबीच्या फुगण्यासाठी दिलेली असतात. नव्या भागात आणखी एक वळण द्यावं लागतं, नाहीतर फ्लँज गळायला लागतात. मॉडेलवर ०.४ मिमी तांब्याच्या तारेने हे वळण दाखवायचं.

१३ जून

पहिली छपाई. रेझिन प्रिंटर, थर ०.०५ मिमी, भिंत २.५ मिमी, आतून पोकळ, तळाला ४ मिमीची दोन निचऱ्याची भोकं. तुकडे उभे, १५ अंशांत कललेले.

पिछाडीच्या छपाईत रात्री वीज गेली. ११२ मिमी उंचीवर आडवी रेघ आली, हाताला लागण्याइतकी. पॉलिशने ती जात नाही, कारण नुसती खाच नाही, वरचा भाग ०.१ मिमी सरकलाय. तुकडा बाद. पुढची छपाई यूपीएसवर.

१५ जून

अ च्या डेकचा तपशील. युद्धकाळात नाळेवर ३ इंची, पिछाडीला ४ किंवा ५ इंची तोफ, शिवाय २० मिमीच्या तोफा आणि त्यांचे गोल कठडे. डोलकाठ्यांच्या आडोशाला तिरक्या घसरपट्ट्यांवर तराफे. व्हीलहाउसभोवती गोळ्यांच्या ठिकऱ्या अडवणारा थर. १९४६ च्या मार्चमध्ये अमेरिकेने जहाज विक्रीचा कायदा केला आणि ही जहाजं खासगी मालकांकडे जायला लागली. ग्रीक सरकारच्या हमीवर १९४६-४७ मध्ये १०० लिबर्टी ग्रीक मालकांकडे गेली. मालकाला तोफांचे कठडे म्हणजे फुकटचं वजन आणि तेही वर, उंचीवर. ते गॅसने कापले.

डेकच्या पत्र्यावर गॅसने कापलेला बुंधा ग्राइंड केला तरी गोलाकार उंचवटा राहतो. मॉडेलवर ०.१ मिमी जाडीची कडी, गुळगुळीत न करता. जवळून पाहिलं तर दिसते, लांबून नाही. असंच हवं.

२१ जून

तडे थांबवणाऱ्या पट्ट्या. या संचाचा खरा गाभा हाच, म्हणून सविस्तर.

लिबर्टीचं मूळ ब्रिटिश: संडरलंडच्या थॉम्सन गोदीचा आराखडा. ब्रिटनने अमेरिकेत ६० ‘ओशन’ जहाजं मागवली, कॅनडात त्याच वंशाची ‘फोर्ट’ बांधली. (१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलेलं ‘फोर्ट स्टिकिन’ याच घराण्यातलं, जवळपास याच मापाचं.) फोर्ट जहाजं मुख्यतः रिव्हेटची, म्हणजे पत्रे खिळ्यांनी जोडलेली. अमेरिकनांनी लिबर्टी वेल्डिंगने बांधलं आणि २७१० जहाजं काढली.

रिव्हेटच्या हलात तडा गेला तर तो पत्र्याच्या कडेला येऊन थांबतो, शेजारचा पत्रा वेगळा असतो. वेल्डिंगने सगळा हल एकसंध होतो, तड्याला अडायला जागाच नाही. त्यात हॅचचे कोपरे चौकोनी, म्हणजे ताण एकवटण्याची आयती जागा. आणि त्या काळचं पोलाद थंडीत ठिसूळ. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी हे पोलादाच्या बाजूने उलगडलं: ठरावीक तापमानाखाली तोच पत्रा वाकण्याऐवजी काचेसारखा तडकतो. ‘जॉन पी. गेन्स’ नोव्हेंबर १९४३ मध्ये अल्यूशियन बेटांजवळ दुभंगलं.

उपाय तीन झाले. हॅचचे कोपरे गोल करून जाड पत्रा. डेक आणि बाजू जिथे भेटतात तिथे रिव्हेटची जोडणी. आणि डेकमध्ये कडेला समांतर लांब चीर पाडून तिच्यावर रिव्हेटने पट्टी. हा तिसरा उपाय ऐकताना उलटा वाटतो, तडा जाऊ नये म्हणून आधीच चीर पाडायची. पण आडवा धावत आलेला तडा त्या चिरेत येऊन मरतो, आणि ताण पट्टी वाहून नेते.

मॉडेलवर: पट्टी १.५ मिमी रुंद. आधी ०.१३ मिमी प्लास्टिक पट्टी लावली. ती प्रत्यक्षात ४५ मिमी जाड पत्रा दाखवते, फार झालं. ०.०८ मिमी व्हिनाइल घेतलं, म्हणजे २८ मिमी. शोभतं. रिव्हेट दाखवायचे नाहीत. २२ मिमीचा रिव्हेट या मापात ०.०६ मिमी होतो. बाजारात मिळणारे रिव्हेटचे ठिपके ०.२ मिमीचे, म्हणजे ७० मिमी. तसले लावले तर जहाजाला देवी आल्यासारखी दिसते.

२९ जून

अ आणि क जोडले. सांध्यात २ मिमी पितळी पिना, प्रत्येक जोडाला चार. सावकाश वाळणारं इपॉक्सी. पाच मिनिटांचं घेतलं तर सरळ रेघ साधायला वेळ मिळत नाही.

क मध्ये दोन दोष.

एक: मधला तुकडा ४९.५ ऐवजी ४९.३ मिमी रुंद. दोन्ही सांध्यांवर पायरी. कारण, तो लहान म्हणून आडवा छापला होता, बाकीचे उभे. आकुंचन दिशेप्रमाणे वेगळं येतं. सगळे तुकडे एकाच दिशेत छापायचे, लहान असला तरी. पुन्हा छापला, ४९.४८ आला.

दोन: हल कमानीसारखा वाकला. काचेवर ठेवून मोजलं तर मधोमध १.२ मिमी उचललेला. तळाची बाजू जाड, वरची उघडी, अतिनील दिव्याखाली दोन्ही सारख्या कडक झाल्या नाहीत.

१.२ मिमी म्हणजे प्रत्यक्षात ४२ सेंटिमीटर. खऱ्या गोदीत काय होतं त्याच्याशी ताडून पाहिलं. उन्हात डेक तळापेक्षा १५ अंशांनी तापला तर १५६ मीटर लांबीत डेक सुमारे २७ मिमी वाढतो. ११.४ मीटर उंचीच्या हलात त्यामुळे मधोमध साधारण ४७ मिमीची कमान येते. म्हणून जोडाच्या रेघा पहाटे, पत्रा सगळीकडे सारखा गार असताना घेतात, आणि वेल्डिंग डाव्या-उजव्या बाजूला एकाच वेळी, तुकड्या-तुकड्याने चालवतात. एका बाजूने सरळ ओढत नेलं तर आकसणारा सांधा अख्खं जहाज त्या बाजूला वळवतो.

३ जुलै

कमान काढली. ६५ अंशांच्या पाण्यात ८ मिनिटं, मग जाड काचेवर, दोन्ही टोकांना आणि मध्ये वजन, पूर्ण गार होईपर्यंत. शिल्लक ०.२ मिमी. परत येऊ नये म्हणून आत तळाशी ६ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम कोन, ३८० मिमी लांब, इपॉक्सीने. अ ला त्याची गरज पडली नाही. जितका हल लांब तितका हा त्रास, हे मॉडेललाही लागू.

६ जुलै

क चा हिशेब पाटीसाठी.

७० फूट × ५६.९ फूट × २७.७५ फूट, काटछेदाचा भरीवपणा ०.९८ धरून, ३५ घनफुटांना एक टन. उत्तर सुमारे ३१०० टन जादा विस्थापन (हलाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन). त्यातून नव्या भागाचं नि पट्ट्यांचं पोलाद वजा जातं. उरलेला बहुतेक भाग माल. मूळ लिबर्टी सुमारे १०,८०० टन वाहायचं, म्हणजे वाढ चांगलीच. इंजिन तेच, खलाशी जवळपास तेवढेच. मालकाला यात काय दिसलं ते उघड आहे.

किंमत दुसरीकडे मोजावी लागते. लाटेवर हलाला बसणारा वाक ढोबळमानाने लांबीच्या वर्गाने वाढतो. लंबरेषांमधली लांबी (जलरेषेवर नाळेपासून सुकाणूच्या खांबापर्यंतची, पूर्ण लांबीपेक्षा थोडी कमी) ४१७.७ वरून ४८७.७ फूट झाली, म्हणजे वाक १.३६ पट. उंची मात्र ३७ फूट ४ इंचच. लांबी-उंचीचं प्रमाण ११.२ वरून १३.१ वर. डेक आणि तळ तसेच ठेवले तर ताणही ३६ टक्क्यांनी वाढणार, आणि तोही अशा हलात ज्याचा मूळ आजारच डेकच्या ताणाचा. म्हणून लांबी वाढवणं म्हणजे कापा, सरकवा, तुकडा घाला, वेल्ड करा, एवढंच नाही. नव्या तुकड्याच्या पुढे-मागे जुन्या डेकवर आणि तळावर जाड पट्ट्या बऱ्याच लांबवर न्याव्या लागतात.

मॉडेलवर या पट्ट्या मधल्या ४० टक्के लांबीत, १७० मिमी. टोकं चौकोनी नाहीत, निमुळती. सगळ्या पट्ट्या एकाच फ्रेमवर संपवायच्या नाहीत, एकेक ३ ते ४ फ्रेम मागे-पुढे. एकाच रेघेत संपवल्या तर तिथे डेकची ताकद एकदम घसरते आणि नवा कमकुवत काटछेद आपल्याच हाताने तयार होतो.

नव्या होल्डचा हॅच १६ फ्रेम लांब, ३४.८ मिमी, दोन्ही सांध्यांपासून ६ फ्रेम आत. कोपरा सांध्यावर येता कामा नये. कोपऱ्याचा ताण आणि वेल्डचा सांधा एका जागी, म्हणजे आगीशेजारी राॅकेल.

१२ जुलै

प्रायमर पांढुरका पडला. बाहेर धो धो पाऊस, खोलीत आर्द्रता ८८ टक्के. लॅकर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं. वर पुन्हा फवारून उपयोग नाही. १००० नंबरच्या कागदाने उतरवला, डिह्युमिडिफायरने आर्द्रता ६० च्या खाली आल्यावर परत मारला. व्हिनाइल पट्ट्यांच्या कडा याच थिनरने उचलल्या. आता आधी अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात, तो वाळल्यावर पट्टीवर प्रायमर.

१९ जुलै

ब. याचा हेतू वेगळा. राखीव ताफ्यात शेकडो लिबर्टी उभी होती, पण ११ नॉटची (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). पुढच्या युद्धात पाणबुड्यांसमोर ११ नॉट म्हणजे बळीचा बकरा. १५ नॉट करता येतील का हे पाहायला चार जहाजं निवडली: ‘बेंजामिन च्यू’ला स्टीम टर्बाइन, ‘थॉमस नेल्सन’ला डिझेल, ‘जॉन सार्जंट’ला गॅस टर्बाइन, ‘विल्यम पॅटरसन’ला फ्री-पिस्टन वायुजनित्रांवर (क्रँकशाफ्ट नसलेले पिस्टन गरम वायू पुरवतात) चालणारं टर्बाइन. च्यूचा हल तसाच ठेवला. बाकी तिघांना नवी लांब नाळ.

मूळ इंजिन तीन सिलिंडरचं वाफेचं, व्यास २४½, ३७ आणि ७० इंच, स्ट्रोक ४८ इंच, ७६ फेऱ्या, २५०० अश्वशक्ती. घनाच्या नियमाने (लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते) १५ नॉटला (१५/११)³, म्हणजे अडीच पट, सुमारे ६३०० लागतात. नवी इंजिनं ६००० च्या आसपासची होती. पण घनाचा नियम लिबर्टीच्या जाड नाळेला झुकतं माप देतो. या हलाचा भरीवपणा, म्हणजे लांबी × रुंदी × बुडावा या पेटीतला पाण्याखालचा वाटा, ०.७५६ येतो. ११ नॉटला हे आरामात खपतं. १५ नॉटला ४१७ फुटांच्या हलासाठी साधारण ०.७१ हवा. त्याहून जाड नाळ पाणी बाजूला सारत नाही, पुढे ढकलत नेते, आणि जादा अश्वशक्ती लाट उभी करण्यात जाते. लांबी २५ फुटांनी वाढवून पुढचा भाग निमुळता केला की दोन्हीकडून फायदा: लांब हलाला चालणारा भरीवपणा वाढतो आणि प्रत्यक्षातला घटतो.

नव्या नाळेचा तुकडा तीनदा काढला. पहिल्या दोन वेळा जलरेषेवर सांध्याजवळ खांदा आला, बोट फिरवलं की जाणवणारा. निमुळतेपणा सांध्यापर्यंत न आणता १२ मिमी आधीच संपवला आणि पुढे समांतर भागात हळूच मिळवला, तेव्हा गेला.

२० जुलै

सार्जंटबद्दल पाटीवर दोन ओळी जास्त, कारण त्यातलं अवघड काम हलात नव्हतं, इंधनात होतं. गॅस टर्बाइन उलटं फिरत नाही, म्हणून पात्यांचा कोन बदलणारा प्रोपेलर. इंधन मात्र जहाजांचं नेहमीचं जड, गाळाचं तेल. त्यात सोडियम आणि व्हॅनेडियम. व्हॅनेडियम पेंटॉक्साइड सुमारे ६९० अंश सेल्सिअसला वितळतं, सोडियमसोबत त्याही खाली, आणि वितळलेली राख टर्बाइनच्या पात्यांना खाते. म्हणून तेल आधी पाण्याने धुऊन सोडियम काढायचं, मग मॅग्नेशियम मिसळायचं, म्हणजे राखेचा वितळणबिंदू चढतो आणि ती कोरडी राहते. इंजिनाइतकीच जागा या तेल धुण्याच्या साधनांची कहाणी सांगायला हवी होती, पण मॉडेल बंद हलाचं आहे. पाटीवरच भागवलं.

२७ जुलै

चौथा हल घ्यायचा का, यावर चर्चा झाली. ‘चार्ल्स एच. कूगल’ या लिबर्टीचं इंजिन काढून त्यात १० मेगावॉटची अणुभट्टी बसवली, ‘स्टर्जिस’ नाव दिलं, आणि १९६८ पासून काही वर्षं ते पनामा कालव्याच्या गाटून तलावात उभं राहून वीज पुरवत होतं. मोह होतो. पण त्याचा मधला भाग रुंद केलेला, म्हणजे सामाईक पिछाडी-पुढाडीची पद्धत तिथे मोडते, आणि पुन्हा ते ओढून नेण्याचं जहाज. सध्या नाही.

३ ऑगस्ट

रंग. राखाडी दोन हात, मग मास्किंग, मग शेंदरी. शेंदरी राखाडीवर थेट मारला तर मळकट दिसतो; खाली पांढरा एक हात दिला. मास्किंग टेपखाली क च्या पट्ट्यांच्या निमुळत्या टोकांशी रंग झिरपला, चार जागी. टेप लावल्यावर आधी राखाडीचाच पातळ फवारा मारायचा, म्हणजे झिरपायचा तो राखाडीच झिरपतो.

तिन्ही हल शेजारी ठेवल्यावर अपेक्षेपेक्षा वेगळं दिसलं. अ वर शेंदरी फक्त पट्ट्यांचा, सहा बारीक रेघा. ब वर नाळ. क वर मधला ठोकळा डोळ्यात भरतो, पण क्षेत्रफळ मोजलं तर डेकवर पट्ट्यांचा शेंदरी भाग जुन्या पोलादावर दोन्ही बाजूंना त्याच्याही पलीकडे पसरलेला. पाहणारा ठोकळ्याकडेच बघणार, म्हणून पाटीवरचा बाण पट्टीच्या मागच्या टोकाला लावला.

९ ऑगस्ट

पाट्या बसवल्या, २ मिमी अ‍ॅक्रिलिक, अक्षर उंची ३ मिमी. तळफळी सागवानाची, ५०० × २६० मिमी, पिछाड्या एका रेघेत. नाळेच्या बाजूला फूटपट्टी कोरली, दर १०० फुटांना ८७.१ मिमी.

बाकी: क च्या वाफेच्या नळीचं वळण एका जागी डेकला टेकलंय, ०.५ मिमी उचलायचं. ब च्या एक नंबर हॅचचं झाकण. अ च्या नाळेवरच्या कठड्याच्या कडीवर शेंदरी डाग पडलाय; ते जुनं पोलाद आहे, राखाडी करायचं.